रोजच्या अन्नापर्यंत

"ही लाकडं कुठली आणलीस यंदा, पोलोन? नुसता धूर करतात मेली. हात आमेनपर्यंत जातोय. याला काय ऊन पाणी म्हणायचं?"

मानांग सालुद हे मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. चुलाणापुढं वाकून, उजवा हात मनगटापर्यंत पिंपातल्या पाण्यात घालून त्या आपल्याशीच कुरकुरत होत्या. मी त्यांच्या कोपराशी बसून आंब्यांचे देठ पुसत होते म्हणून मला ऐकू आलं. पोलोनलाही आलं असणार. पण त्यानं फुंकणी तोंडाला लावली होती, आणि फुंकणी तोंडाला असली की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

पाण्यावर वाफ धरली होती. मानांगचा हात बाहेर आला तो उकडलेल्या कोळंबीसारखा लाल. तो त्यांनी झग्याला पुसला आणि अजून दोन ओंडके आत सारायला सांगितले. पोलोननं सारले. आम्ही बाकीच्या जणींनी आपापल्या क्रेटमध्ये मान घातली.

मानांग म्हणजे थोरली बहीण. सालुद या साऱ्या वाडीच्या थोरल्या बहीण, आणि निम्म्या पोरांच्या धर्ममाता. घरी त्या आणि एक म्हातारा कोंबडा, एवढाच संसार उरलाय. शेडमध्ये मात्र त्यांच्या हाताशिवाय एक आंबा पाण्यात जात नाही.

आमच्या गिमारास बेटाचा आंबा देखणा असतो हे आम्हाला कुणी सांगायला नको. पण कितीही देखणा असला तरी त्याच्या सालीत करपा झोपलेला असतो. मोहोरावर पाऊस पडला की तो शिरतो आणि फळ पिकेपर्यंत गुपचूप बसतो. इथून होडीनं इलोइलो, तिथून जहाजानं मनीला, मग दुकान, असा आठवडाभराचा प्रवास करून फळ पिवळं झालं की हा काळे ठिपके घेऊन वर येतो. त्यावर उपाय साधा आहे. झेल्यानं उतरवलेलं फळ त्याच दिवशी कढत पाण्यात दहा मिनिटं बुडवायचं, मग गार पाण्यात, मग सावलीत वाळवायचं. बास. औषध नाही, काही नाही. पाणी तेवढं बावन्न ते पंचावन्न अंश पाहिजे. त्याच्या खाली गेलं तर करपा मरत नाही, वर गेलं तर साल भाजते. आणि भाजलेलं लगेच दिसतही नाही, दोन दिवसांनी तपकिरी चट्टे उठतात. चूक आमच्याकडे होते आणि कळते मनीलाला.

हे अंश आम्हाला पुढं शेतकी खात्याच्या मुलीनं शिकवले. त्याआधी कितीतरी वर्षं मानांगचा हात होता. हात मनगटापर्यंत बुडवायचा आणि मनात 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' सुरू करायचं. 'आमचं रोजचं अन्न आज आम्हाला दे' इथं पोचेस्तोवर हात आपसूक वर आला पाहिजे. नाव पवित्र मानलं जाण्याआधीच ओढून घ्यावा लागला तर पाणी जास्त तापलं. अन्नाच्या पुढं, अपराधांच्या क्षमेपर्यंत तग धरला तर पाणी कमी. पाणी जमलं की फळं सोडायची आणि रोझरीचे तीस मणी म्हणायचे. मर्लिंडा पुढं म्हणते, आम्ही मागून. तीस मण्यांत दहा मिनिटं होतात. आमच्याकडे आंबा प्रार्थनेत उकडतो असं इलोइलोची माणसं चेष्टेनं म्हणतात, पण खातात आमचाच.

त्या खात्याच्या मुलीनं एक थर्मामीटर दिला होता. पहिल्याच दिवशी काचेत त्रेपन्न आले आणि मानांग म्हणाल्या, जास्त आहे. मुलगी हसली. शिकलेल्या माणसाचं ते एक हसू असतं, समजून घेतल्यासारखं. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसमधला दुसरा थर्मामीटर घेऊन आली आणि दोन्ही एकाच पाण्यात धरले. आमचा चार अंश कमी दाखवत होता. मुलीनं मानांगचा हात हातात घेऊन कपाळाला लावला, थोरांचा लावतात तसा. तेव्हापासून तो थर्मामीटर खिळ्याला टांगलेला आहे आणि पोलोन त्याच्यावर टोपी अडकवतो.

तर असा तो हात. त्याच्याविषयी कोण काय बोलणार?

हंगाम सुरू होऊन महिना झाला नव्हता तोवर आमचा दोन वेळचा माल मनीलात भाजका निघाला. व्यापारी ऑंग यांनी मर्लिंडाच्या फोनवर फोटो पाठवले. आंबे कसले, निखाऱ्यावर धरलेली वांगी. ऑंग शिव्या देत नाहीत, हे त्यांचं वाईट आहे. शिव्या देणाऱ्याचा राग निघून तरी जातो. त्यांनी नीट लिहिलं होतं की पुढचा माल असाच आला तर यापुढं ते बागांतून कच्चं फळ उचलतील आणि इलोइलोच्या मशीनमध्ये बुडवून घेतील. म्हणजे शेड बंद. शेडमध्ये आम्ही अकरा बायका आणि पोलोन. आंब्याचं काम नसेल तर आमच्यातल्या निम्म्या जणींना जहाजावर गेलेल्या नवऱ्यांची वाट बघणं एवढंच काम उरतं, आणि त्याला दिवस पुरत नाही असं काही नाही.

का भाजतंय, यावर चार दिवस चर्चा चालली. कुणी म्हणालं यंदा फळाची सालच पातळ आहे. कुणी म्हणालं पिंपाचा पत्रा झिजलाय, खालून चटका लागतो. मर्लिंडानं तर चंद्रालाही सोडलं नाही. मानांग ऐकून घेत होत्या आणि पोलोनच्या लाकडांवर घसरत होत्या.

पण दोन महिन्यांमागची गोष्ट सगळ्यांनाच आठवत होती. चर्चमधून घरी येताना मानांगच्या डाव्या पायातली चप्पल वाटेतच गळून पडली आणि त्या तशाच घरापर्यंत चालत आल्या. खडीच्या रस्त्यानं. मर्लिंडा मागून चप्पल घेऊन धावली आणि हसत म्हणाली, मानांग, अर्ध्याच घरी आलात की. त्याही हसल्या. मग खाली बघितलं तर टाचेतून रक्त येत होतं, आणि त्यांना ते आम्ही दाखवल्यावर दिसलं. हसणं तिथंच थांबलं. त्यांना शुगर आहे. पायांचं असं होतं हे आम्ही ऐकून होतो. पायांवरून हातापर्यंतचा विचार प्रत्येकीनं आपापल्या घरी जाऊन केला असणार. शेडमध्ये कुणी केला नाही.

मी इलोइलोला गेले होते तेव्हा मिठाईवाल्यांच्या सामानाच्या दुकानातून एक थर्मामीटर घेतला. घरी उकळत्या पाण्यात धरून पाहिला, बरोबर शंभर दाखवले. मग तो रुमालात गुंडाळून झग्यात लपवला आणि कामावर गेले. पाणी जमलं की मानांग 'झालं' म्हणतात आणि कोपऱ्यातल्या मारियेपुढं मेणबत्ती लावायला जातात. त्यांची पाठ वळली तशी मी थर्मामीटर पाण्यात घातला.

एकोणसाठ.

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे मला कळतं. पण माझी जागा अवघड होती. चौदा वर्षं मी मानांगच्या हाताखाली आहे. त्यांच्यानंतर पाण्यात हात कुणाचा, हे शेडमध्ये कुणाला विचारावं लागत नाही. डेल्फाचा, म्हणजे माझा. मी तोंड उघडलं असतं तर दुपारपर्यंत वाडीभर झालं असतं की डेल्फाला घाई सुटलीय. आणि एकदा, खूप आधी, मी चेष्टेत विचारलं होतं की मानांग, तुम्ही हातपाय पसरून बसणार कधी? त्यावर त्या उपासाचे चाळीस दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. ईस्टरला बोलल्या, तेही मीठ दे म्हणून.

म्हणून मी बादलीचा मार्ग धरला. मेणबत्ती पेटेस्तोवर दोन बादल्या गार पाणी पिंपात ओतायचं. पाणी चोपन्नावर येतं. मानांग वळायच्या आत बादली पालथी आणि मी पुन्हा देठ पुसायला बसलेली. दर खेपेला हेच. बाकीच्या तेव्हा क्रेट उचलायला बाहेर असायच्या, आणि पोलोन लाकडांकडे. माझ्या मनाला मी असं समजावलं की हात मानांगचाच आहे, मी फक्त त्यांच्या हाताला पाणी घालतेय. त्या आठवड्याचा माल गेला. मला झोप चांगली लागली. आपण मोठं शहाणपण केलं असं वाटत होतं.

बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ऑंग यांचे फोटो आले. या वेळी चट्टे नव्हते. देठापासून काळे ओघळ उतरलेले आणि अंगभर ठिपके. करपा. खाली त्यांनी लिहिलं होतं, आधी भाजत होतं, आता कुजतंय, तुमचं नक्की काय चाललंय? आजची खेप ते घेणार होते, कारण दुकानांना शब्द दिला होता. तिच्यावरून काय ते ठरणार.

आजची खेप समोरच होती. चाळीस क्रेट, पहाटे उतरवलेले. तीनची होडी. पण पाणी तापवायचं तरी कशाच्या भरवशावर?

मानांगनी फोन हातात घेऊन एकेक फोटो पाहिला. मग रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसल्या. पोलोननं चूल पेटवायला काडी काढली तर म्हणाल्या, राहू दे.

लाकडांचं नाव त्यांनी आज काढलं नाही. भाजणं आपल्याला समजतं आणि कुजणंही समजतं, असं त्या सावकाश म्हणाल्या. तीस वर्षांत दोन्ही करून झालंय. पण एकाच हाताखाली आधी भाजायचं आणि मग कुजायचं, हे कधी झालेलं नाही. तेव्हा त्यांच्या पाण्याला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतोय.

मग त्यांनी एकेकीकडे पाहायला सुरुवात केली. माझ्यापाशी नजर आली तेव्हा मी एका देठाकडे फार लक्ष देत होते. नजर पुढं सरकली आणि जेसावर थांबली. जेसाला येऊन महिनाच झाला होता. गार पाण्याच्या टाकीवर असते, गरीब बाई, नवऱ्यानं टाकलेली, कुणाच्या अध्यात नाही. गार पाणी तिच्याच ताब्यात असतं एवढाच तिचा गुन्हा.

"तू आल्यापासून हे चाललंय," मानांग म्हणाल्या. "सोमवारपासून येऊ नकोस, बाई. मी रागावून म्हणत नाही."

जेसानं हातातलं फडकं पिळलं, टाकीच्या काठावर नीट पसरून वाळत घातलं, आणि चप्पल शोधू लागली. ते फडकं पसरणं मला बघवेना.

पण माझ्याआधी पोलोन खाकरला. पोलोन बोलतो तेव्हा सगळ्या बायका वळून बघतात, कारण ते वर्षातून दोनदा घडतं.

"तिला कशाला घालवता," तो म्हणाला. "जाळ मी कमी करत होतो."

कळायला आम्हाला वेळ लागला. मग त्यानं तुकड्यातुकड्यात सांगितलं. फळं पाण्यात गेली आणि बायकांचे डोळे मिटून मणी सुरू झाले, की तो चुलीतले ओंडके मागं ओढून राखेत विझवायचा. पहिली धमकी आली तेव्हापासून रोज. म्हणजे मी चोपन्नावर आणलेलं पाणी माझ्या पाठीमागं पन्नासाच्या खाली घसरत होतं, आणि मी डोळे मिटून मारियेचे आभार मानत होते.

मर्लिंडा मोठ्यानं हसली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मीपण थोडं केलंय," ती म्हणाली.

थोडं म्हणजे दर दहा मण्यांमागं तीन मणी ती खात होती. सात म्हणायची आणि पुढचं दशक सुरू करायची. आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि तोंडं आपोआप चाललेली, कोण मोजतंय? त्या हिशेबानं फळ सातच मिनिटांत बाहेर. देवाच्या आईला फसवल्याचं तिच्या जिवाला लागलं म्हणून ती पाद्रींकडे जाऊन पापाची कबुलीही देऊन आली होती. पाद्रींनी शिक्षा काय दिली, तर खाल्लेले सगळे मणी घरी बसून म्हणायचे. ते ती रोज रात्री भांडी घासताना म्हणत होती, त्यामुळं देवाशी तिचं मिटलेलं होतं. फक्त आंब्याशी राहिलं होतं.

यावर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग जेसा सोडून सगळ्याच हसल्या. मानांगही ओठांच्या कोपऱ्यात. मला वाटलं, या हसण्यातच माझं उरकून घ्यावं, तेवढ्यात सोपं जाईल. म्हणून मी म्हणाले, मी दोन बादल्या गार पाणी ओतत होते, तुम्ही मेणबत्ती लावायला गेलात की.

हसणं थांबलं. माझं म्हणणं बाकीच्यांसारखं मजेचं का ठरलं नाही, ते माझ्या लगेच लक्षात आलं. पोलोन जाळाशी खेळला, मर्लिंडा वेळेशी. पाणी मानांगचं होतं.

त्यांनी जेसाला बसायला सांगितलं. चुकलं माझं, असं तिला म्हणाल्या, सगळ्यांसमोर, आणि तिला फडकं पुन्हा हातात घ्यायला लावलं. मग बराच वेळ त्या आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिल्या. बाहेर क्रेटवर ऊन चढत चाललं होतं. एरवी त्यांनीच ओरडून क्रेट सावलीत घ्यायला लावले असते.

"तिघांनी," त्या म्हणाल्या. "तिघांनी वेगवेगळं, आणि एकमेकांना न सांगता. बरं. का पण?"

प्रत्येकीनं हातातला आंबा पुन्हा पुसायला घेतला.

"पोलोन, जाळ का ओढलास?"

पोलोन म्हणाला, धूर फार होत होता, बायकांच्या डोळ्यांत जात होता. तीस वर्षांत त्याला आमच्या डोळ्यांची काळजी वाटल्याचं ऐकिवात नव्हतं.

"मर्लिंडा?"

मर्लिंडा म्हणाली, घसा बसला होता. आणि तिनं थोडं खोकूनही दाखवलं.

मानांगनी दोन्ही उत्तरं ऐकून घेतली, बाजारात कुणी शिळी मासळी ताजी म्हणून पुढं करावी आणि आपण नुसतं बघावं, तसं. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली होती, मधल्या बोटाला एक फोड फुटून वाळलेला. आम्ही सगळ्याच तिकडे बघत होतो आणि सगळ्याच तिकडे बघत नव्हतो.

"आणि तू, इंदाय?"

मी लहान होते तेव्हापासून त्या मला इंदाय म्हणतात. बाय म्हणावं तसं. डेल्फा त्या फक्त रागावल्या की म्हणतात. आज डेल्फा म्हणाल्या असत्या तर मलाही काहीतरी धुराचं, घशाचं सुचलं असतं. बादली जड झाली होती म्हणून रिकामी केली, असंही म्हणता आलं असतं, आणि शेडमधल्या साऱ्यांनी ते आनंदानं पटवून घेतलं असतं. मग पोलोननं काडी ओढली असती, मानांगनी हात पाण्यात घातला असता, आणि चाळीस क्रेट तीनच्या होडीत चढले असते, भाजके नाहीतर कुजके. मर्लिंडा माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवत होती, नको म्हणून. मागं कुणीतरी क्रेट सरकवला आणि मधेच थांबवला.

मी उठून त्यांच्यापाशी गेले आणि खाली बसले. तो हात उचलून कपाळाला लावावा असं मनात आलं होतं, पण मी तो नुसता माझ्या दोन्ही हातांत धरला. मी किती घट्ट धरलाय हे त्यांना माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखावं लागत होतं.

"मानांग," मी म्हणाले, "तुमच्या हाताला आता ऊन-गार कळत नाही."